डोरीनची गाडी कोणी वाळवली?

१

ऑर्विल हास्किन्सनं गॅरेजचं दार वर केलं आणि तो जागीच थबकला. आत डोरीनची गाडी लखलखत होती.

आता गाडी लखलखते यात बिघडलं काय, असं कोणीही म्हणेल. पण डोरीन गेल्यापासून त्या हिरव्या, लांबलचक स्टेशन वॅगनला ऑर्विलनं पाण्याचा थेंब लावला नव्हता. गाडी बायकोची, ती धुवायची आपली हिंमत होत नाही, असं तो साऱ्या गल्लीला सांगून बसला होता. अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटातली धूळ बंद दाराच्या फटीतूनही आत शिरते. गाडीवर तिचा असा थर बसला होता की खालचा रंग हिरवा आहे हे ठाऊक असणाऱ्यालाच कळावं. अशी गाडी कोणीतरी गुपचूप धुऊन, कोरडीठाक करून ठेवली होती. आणि ही तिसरी खेप, तिन्ही वेळा गुरुवारीच.

ऑर्विल रस्ता ओलांडून समोरच्या व्हर्ना लिंडक्विस्टकडे गेला. व्हर्नाचं सारं आयुष्य मिनेसोटातल्या एका विमा कंपनीत गेलं होतं. कोणाचं कोठार खरंच जळलं आणि कोणी जाळून घेतलं, हे शोधायचं तिचं काम. खोटं बोलणारा माणूस ती चहाचा कप उचलण्यावरून ओळखायची, असं तिचा नवरा म्हणे. निवृत्तीनंतर थंडीला कंटाळून दोघं इथे, म्हाताऱ्यांच्या या वसाहतीत, आली. मग नवरा गेला आणि वाळवंट उरलं. दाराची घंटा वाजली की व्हर्नाच्या पायात आधी बूट जात आणि मग ती विचारी, कोण आहे.

"पुन्हा?" तिनं विचारलं.

"पुन्हा. मी क्लबहाउसमध्ये धिरडी खाऊन आलो, दार उघडलं, तर ही अशी."

ऑर्विलच्या स्वयंपाकघरात दोघं बसली. कॉफीचे दाणे दळायचे म्हणून त्यानं कानातली यंत्रं काढून शर्टाच्या खिशात टाकली. ती घरघर त्याला सोसत नसे. कप वरच्या फळीवर होते. ते व्हर्नानंच काढले, कारण त्याचा उजवा हात खांद्याच्या वर जाईनासा होऊन बरेच दिवस झाले होते.

खरं संकट वेगळंच होतं. ऑर्विलची मुलगी जॅनेल टूसॉनला राहायची. तिचं मत स्पष्ट होतं: गाडी दुसरं कोणी धूत नाही, डॅडच धुतो आणि विसरतो. ज्यांची आठवण जाते अशा म्हाताऱ्यांसाठी टूसॉनला एक निवास होता. तिथली खोली जॅनेलनं बघून ठेवली होती. एप्रिलअखेरच्या शनिवारी ती कागद घेऊन येणार होती. ऑर्विलची सही झाली की हे घर विकायचं, ही गाडी विकायची, आणि ऑर्विलनं कुलुपाच्या दारामागे जाऊन राहायचं.

"व्हर्ना, मी वेडा नाही गं," तो म्हणाला. "कोणी केलं ते तू शोध."

तिनं कप खाली ठेवला आणि गॅरेजकडे निघाली.

२

गाडीभोवती व्हर्ना दोनदा फिरली, मग गुडघे टेकून फिरली. ऑर्विल दारात उभा राहून बघत होता.

या भागातलं पाणी म्हणजे निम्मा चुनाच. गाडी धुतली आणि पाणी आपोआप सुकू दिलं की पांढरे ठिपके पडतात, आणि ते नखानं खरवडले तरी निघत नाहीत. फडक्यानं पुसावं तर आरशाच्या सांध्यात, दाराच्या कडीमागे, वायपरच्या बुडाशी पाणी लपून बसतं. तुम्ही आत जाऊन निवांत बसलात की ते हळूच ओघळतं आणि पांढरी रेघ ओढून ठेवतं. इथे तशी एकही रेघ नव्हती. फडक्याचे धागे नव्हते, पुसल्याचे फराटे नव्हते.

"तू गाडी कशानं पुसतोस, ऑर्विल? म्हणजे पुसायचास?"

"चामड्याच्या मऊ तुकड्यानं. चाळीस वर्षं तेच. तो बघ, खिळ्याला लटकलाय."

तुकडा वाळून पापडासारखा कडक झाला होता. त्याला अलीकडे पाणी लागलेलंच नव्हतं.

मग व्हर्नानं शिडी मागवली. टपाच्या अगदी मधोमध, पुढून मागपर्यंत, तळहाताएवढ्या रुंदीचा पट्टा पांढऱ्या ठिपक्यांनी भरला होता. बाकी सगळीकडे कोरडं करणाऱ्याचा हात तिथवर काही पोचला नव्हता. म्हणजे माणूस बुटका.

शिडीवरून उतरताना तिच्या मनात पाल चुकचुकली. जॅनेल चांगलीच बुटकी होती. गॅरेजच्या कुलपाचा आकडा म्हणजे डोरीनची जन्मतारीख, तो तर सगळ्या गल्लीलाच पाठ होता. आणि बाप विसराळू ठरला तर घर विकणं सोपं, हे सांगायला विमा कंपनीत आयुष्य काढावं लागत नाही.

पण ते ती बोलली नाही. एवढंच म्हणाली, "ही गाडी पुसलेली नाही, ऑर्विल. वाऱ्यानं वाळवलेली आहे. ज्याच्याकडे ब्लोअर आहे त्याच्याशी मला बोलायचंय."

३

सरळ विचारलं की माणसं सरळ खोटं बोलतात, हा व्हर्नाचा जुना अनुभव. म्हणून तिनं एक बहाणा शोधला. आपल्याला आपल्या गाडीसाठी ब्लोअर घ्यायचाय, कोणता घ्यावा, एवढंच ज्याला त्याला विचारायचं. सल्ला देताना माणूस इतका खूश असतो की पोटातलं सगळं ओकतो.

पहिला नंबर ऑर्विलच्या शेजारच्या चेट प्रुइटचा. चेटची लाल, उघड्या टपाची गाडी म्हणजे त्याचा देव. दर रविवारी त्या देवाला स्नान, आणि मग ब्लोअरच्या गर्जनेनं हैराण होऊन निदान तिघं तरी वसाहतीच्या समितीकडे तक्रार करत. या वसाहतीत आवाजाचं भारी वावडं. गुरुवारी सकाळी माळ्यांची टोळी येते तेवढीच काय ती आवाजाला मुभा.

ब्लोअरचं नाव काढताच चेट फुलला. दोन मोटरींचाच घे, म्हणाला. एका मोटरीत काही दम नसतो. बॅटरीचा तर मुळीच नको, टप वाळतोय तोवर बॅटरी मान टाकते. हवा गरम हवी, पुढे रबरी तोंड हवं म्हणजे धक्का लागला तरी रंगाला ओरखडा नाही. त्याचा स्वतःचा ब्लोअर भिंतीला बोल्टनं पक्का बसवलेला होता. नळी त्याच्याच गॅरेजच्या दारापर्यंत जेमतेम पोचत होती. ऑर्विलच्या गाडीपर्यंत ती पोचवायची तर मधली भिंत पाडावी लागली असती.

"याच्या आधीचा कुठाय?" व्हर्नानं सहज विचारलं.

"तो छोटा? खांद्याला पट्टा लावून न्यायचा? क्लबहाउसच्या जुन्या वस्तूंच्या टेबलावर दिला टाकून. कोणी नेला कोण जाणे." मग तो जरा घुटमळला. "ऑर्विलची वॅगन विकायला निघाली की आधी मला सांग हं. मी तिला नीट ठेवीन."

त्याला गाडी हवी होती, यात शंका नव्हती. पण हवी असलेली गाडी चोरून धुऊन काय मिळणार होतं? शिवाय उंचीनं हा गडी ताडमाड. याला टपाचा मध्य सहज पोचला असता.

निघताना चेट म्हणाला, की पुढच्या आठवड्यात तोही घर बंद करून आयोवाला जाणार. एप्रिल लागला की उत्तरेची सगळी माणसं अशीच जातात, आणि गल्लीत पडदे ओढलेली घरं उरतात. व्हर्नानं त्याला प्रवासाच्या शुभेच्छा दिल्या आणि रिकाम्या रस्त्यानं ती परत आली.

४

गुरुवारी व्हर्नानं पोहण्याच्या तलावातला व्यायाम बुडवला आणि ती माळ्यांच्या ट्रकपाशी जाऊन उभी राहिली. टोळीचा मुकादम इस्माएल. पालो व्हर्देच्या झाडांची पिवळी फुलं अंगणातल्या खडीवर सांडली होती, आणि त्याचे गडी पाठीवर पेट्रोलचे ब्लोअर बांधून ती उडवत होते. एकमेकांचं बोलणं ऐकू येईना, तेव्हा इस्माएलनं तिला ट्रकच्या पलीकडे नेलं.

गाडीसाठी कोणता ब्लोअर घ्यावा, हे ऐकून तो हसला. "आमच्यातला तर मुळीच नको, बाई. हा समोरची खडी उचलून रंगावर मारेल. माझे गडी उभ्या गाडीच्या जवळसुद्धा जात नाहीत. नुकसान झालं तर भरायचं कोणी?"

तेही खरंच होतं. वॅगनवर खडीचा एकही टवका नव्हता.

ती वळणार तोच तो म्हणाला, "पण या गल्लीत कोणाकडे तरी गाडीचा ब्लोअर आहे. मागच्या गुरुवारी आमचं काम आटोपलं. सगळे ब्लोअर बंद केले, ट्रकवर चढवले. तरी एक चालूच. मला वाटलं, माझाच एखादा गडी मागे राहिला. मोजले, तर सगळे ट्रकवर. आवाज बराच वेळ येत होता, कुठल्यातरी बंद दाराआडून. कुठल्या घरातून ते मात्र कळलं नाही."

व्हर्ना घरी येऊन ओसरीतल्या खुर्चीत बसली. गुरुवारच का, ते उमगलं होतं. एरवी ब्लोअर लावला तर बोभाटा होणार. माळ्यांच्या गोंगाटात एक आवाज जास्त झाला तर कोणाच्या लक्षात येतंय. माणूस हुशार होता, विसराळू तर नव्हताच. पण मग एवढ्या हुशार माणसानं हा गाढवपणा का केला? गोंगाट थांबला, गल्ली चिडीचूप झाली, आणि हा आपला ब्लोअर चालवतोच आहे. लपायला आलेला माणूस आडोसा गेला तरी उघड्यावर उभा राहतो, तो कधी?

व्हर्नाला उत्तर सुचलं तेव्हा तिला मुळीच आनंद झाला नाही. ते खोटं निघावं, असंच तिला वाटलं.

५

शनिवारी जॅनेल आली. व्हर्ना आधीच तिथे जाऊन बसली होती. ऑर्विल कोपऱ्यावरच्या पेटीतलं टपाल आणायला गेला, तेवढ्यात तिनं मुलीला गाठलं आणि ब्लोअरचं विचारलं.

जॅनेल बघतच राहिली. "गाडी वाळवायला? लोक त्यासाठी ब्लोअर घेतात? टॉवेलला काय झालं?"

हे सोंग नव्हतं. खोटं बोलणारा आधी किंचित थांबतो. ही थांबली नव्हती. शिवाय गुरुवार म्हणजे तिचा डायलिसिस केंद्रातल्या कामाचा दिवस, सकाळपासून संध्याकाळपर्यंत रुग्णांच्या उशाशी उभं राहायचं. तिला इथे येणं शक्यच नव्हतं. मग आपणहून तिच्या तोंडून निघून गेलं, की आई गेल्यापासून तिला इकडे यायचं जिवावर येई. नाताळला एकदा आली होती तेवढीच. गाडीचं हे सुरू झालं तेव्हापासून मात्र एकही शनिवार चुकवला नव्हता. "मिसेस लिंडक्विस्ट, कोणी परका माणूस सापडला ना, तर मी त्याच्या पाया पडेन. मला डॅडला तिथे टाकायचं नाहीये. पण उद्या त्यानं शेगडी चालू ठेवली आणि विसरला तर?" तिचे डोळे भरले होते, आणि व्हर्नाला तिच्याविषयी आपण काय काय मनात आणलं त्याची लाज वाटली.

ऑर्विल परत आला. जॅनेल सामान आणायला दुकानात गेली. दोघंच उरली, तेव्हा व्हर्नानं अगदी सहज विचारलं, "ऑर्विल, मला गाडीसाठी ब्लोअर घ्यायचाय. चेट म्हणतो दोन मोटरींचा घे."

"चेटला काय जातंय सांगायला," ऑर्विल फिसकारला. "दोन मोटरींचं धूड तू उचलणार आहेस? छोटाच घे, खांद्याला अडकवायचा, लांब नळीचा. ज्याची मोटर हातातच धरावी लागते तो तर बघूच नकोस. मागच्या दारापर्यंत पोचायच्या आत हात भरून येतो. आणि मागे जाळी आहे का ते बघ, नाहीतर गॅरेजमधली धूळ ओढून ओल्या रंगावर थापतो. आधी फरशी ओली करायची. आरशाच्या सांध्यात रबरी तोंड जरा तिरकं धरायचं, म्हणजे लपलेलं पाणी फुर्रकन बाहेर येतं." बोलता बोलता त्याचा चेहरा कितीतरी दिवसांनी खुलला होता.

व्हर्नानं मान डोलावली, कॉफी संपवली आणि ती घरी गेली.

दुसऱ्या दिवसापासून मात्र ती पुन्हा हजर. अजून तपासायचंय म्हणे. रोज गॅरेजमध्ये जाई, कुलूप बघे, टायर बघे, आणि मग दोघं कॉफी पीत. कधी डोरीनच्या गोष्टी निघत, कधी मिनेसोटातल्या जळक्या कोठारांच्या. चेट गेला. समोरची दोन घरं बंद झाली. उन्हं तापू लागली. तपास काही संपेना, आणि कागदांचा शनिवार उजाडला.

६

जॅनेलनं कागद टेबलावर ठेवले. ऑर्विल त्यांच्याकडे न बघता खिडकीबाहेर बघत होता.

"सही करायच्या आधी माझं ऐका," व्हर्ना म्हणाली. "गाडी ऑर्विलनंच धुतली. तिन्ही वेळा."

जॅनेलनं डोळे मिटले. तिला हेच माहीत होतं, आणि हेच ऐकायचं नव्हतं.

व्हर्नानं एकेक करून सांगितलं. टपाच्या मधे ठिपके राहिले ते माणूस बुटका म्हणून नाही; त्याचा हात वर जात नाही म्हणून. माळ्यांचा गोंगाट थांबला तरी ब्लोअर थांबला नाही, कारण चालवणाऱ्याला गोंगाट थांबल्याचं कळलंच नाही. ऑर्विल घरघर सोसत नाही म्हणून कॉफी दळतानासुद्धा कानातली यंत्रं काढतो. ब्लोअर चालवताना ती खिशातच असणार. क्लबहाउसमध्ये तो दर गुरुवारी गेला हे खरं, पण सगळे उठून गेल्यावर, शेवटच्या पंगतीला; ते तिनं तिथे विचारून घेतलं होतं. आणि ब्लोअर चेटनं टाकून दिलेला, तो छोटा.

"म्हणजे तो विसरतो," जॅनेल पुटपुटली. "मी म्हणत होते तेच."

"नाही. आता नीट ऐक. ज्याची आठवण जाते तो जुनं धरून ठेवतो आणि नवं विसरतो. असा माणूस आपसूक खिळ्यावरचा चामड्याचा तुकडा उचलेल. तुझ्या बापानं चाळीस वर्षांची सवय सोडली. खांद्याला झेपेल असा ब्लोअर निवडला. जाळीचं शिकला, आरशाचं शिकला, फरशी ओली करायला शिकला. गोंगाटाचा वार ध्यानात ठेवला, तिन्ही वेळा. आणि हे सगळं मला त्यानं मागे एकदा एका दमात सांगितलं, एक गोष्ट न चुकता. याला काहीही झालेलं नाही, जॅनेल. त्याला सगळं आठवतंय. तो खोटं बोलत होता."

मग जॅनेलचा आवाज चढला. "डॅड? दर शनिवारी दोन तास गाडी हाकत येते मी. रात्र रात्र झोप नाही मला. का?"

ऑर्विलनं खिडकीवरची नजर काढली. पहिल्या वेळी तसं काही मनात नव्हतं, तो म्हणाला. डोरीनची गाडी धुळीत बघवेना. पण धुणार नाही म्हणून गल्लीभर सांगितलेलं. लाज वाटली, म्हणून म्हणालो कोणीतरी धुतली. "तर व्हर्ना टॉर्च घेऊन धावत आली. संध्याकाळपर्यंत बसली. तुला फोन केला, तर तू शनिवारी दारात. मी ठीक आहे असं दीड वर्ष सांगत होतो ना तुला फोनवर, तेव्हा तू म्हणायचीस, बरं झालं डॅड, आणि ठेवून द्यायचीस. घर खायला उठतं गं मला. दुसरं काही नाही."

"आणि हे कागद? सही केली असतीस?"

"केली असती बहुतेक. तिथे निदान जेवायला शेजारी कोणीतरी असतं."

जॅनेलनं कागद गोळा केले आणि पर्समध्ये कोंबले. ती रडत होती आणि रागावलेलीही होती. पुढच्या शनिवारी येईन की नाही ते आत्ता विचारू नकोस, एवढं म्हणून ती गेली. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, कोपऱ्यावर वळला आणि विरला.

व्हर्ना पर्स घेऊन उठली. तपास संपला होता. इथे येण्याचं आता काही कारण उरलं नव्हतं.

"थांब," ऑर्विल म्हणाला. "तुला कधी कळलं?"

"तू ब्लोअर कसा निवडायचा ते सांगितलंस, तेव्हा."

तो विचारात पडला. आठवण शाबूत असलेल्या माणसासारखा तो बोटांवर मागे मागे मोजत गेला, आणि मग त्यानं तिच्याकडे पाहिलं.

"त्याला तीन आठवडे झाले, व्हर्ना. मग इतके दिवस रोज येऊन तू काय शोधत होतीस?"

उभ्या आयुष्यात तिनं शेकडो माणसांना खोटं बोलताना धरलं होतं. हा प्रश्न आपल्याला कधी कोणी विचारेल, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. उत्तर द्यायच्या आधी ती किंचित थांबली, आणि आपण थांबलो हे तिचं तिलाच कळलं.

"माझंही घर खायला उठतं," ती म्हणाली, आणि पुन्हा खुर्चीत बसली.